खुळा वाटाणा

घोडीने सदाच्या छातीवरचा शर्ट दातांत धरला आणि मान झटकली. शर्टाबरोबर कातडी आली. तो खाली पडला, तशी ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि दोन्ही टापा त्याच्यावर आदळल्या. तीनदा. मी पाच हातांवर जेवणाचा डबा घेऊन उभी होते. डबा तिच्या तोंडावर फेकला, तिला कळलंही नाही... ती शर्टाच्या चिंध्याच हुंगत होती.

सदा माझा धाकटा भाऊ. जाऊन सव्वा महिना झाला. फौजेत असताना त्याने बर्फाच्या डोंगरांत खेचरं सांभाळली, मग इथे आखातात, अल खोर गावाच्या बाहेर एका तबेल्यात घोडे बघायला आला. माणूस गोड नव्हता. बायकोला मारायचा, ती सोडून गेली. ते बरंच केलं तिने. जनावरावर मात्र त्याने कधी हात उगारला नाही. माझा मुलगा इथेच गॅसच्या कंपनीत, म्हणून मीही इथे. दर शुक्रवारी तो मला तबेल्यावर सोडायचा. सदा माझी भाकरी-पिठलं खाताना म्हणायचा, "आक्का, मिठाचा तुटवडा आहे का तुमच्याकडे?" आणि डबा चाटूनपुसून परत द्यायचा.

डोंगरातली एकच गोष्ट तो पुन्हापुन्हा सांगायचा. तिकडे बर्फ वितळलं की जुन्याच मुळातून दरवर्षी एक रोपटं वर येतं. फूल जांभळं, हुबेहूब वाटाण्याचं. खेचराने ते काही आठवडे खाल्लं की त्याचं डोकं फिरतं, सावलीला लाथा मारतं, कड्यावरून उडी घेतं. चटक लागली की दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही, वासावर धावतं. सदा त्याला खुळा वाटाणा म्हणायचा. अशी सात खेचरं त्याला स्वतःच्या हाताने गोळ्या घालाव्या लागल्या होत्या.

यंदा तबेल्यात नेहमीचा चारा आला नाही, कुठल्याशा थंड मुलखातले गठ्ठे आले. महिना-दीड महिन्यात रीम नावाची घोडी भिंतीवर डोकं आपटू लागली. मालक म्हणाला, गोळी घाला. सदाने मुदीरला, म्हणजे तबेल्याच्या मॅनेजरला, सांगितलं की दोष चाऱ्यात आहे. तो हसला. "बुढ्ढे, घास में भूत है क्या? पहले दिखाओ. नहीं तो कल घोड़ी खलास."

त्या शुक्रवारी सदाने मला डबा उघडू दिला नाही. "बस आक्का, हात चालव. जन्मभर शेंगाच सोलल्यास ना?" आम्ही दोघांनी अकरा गठ्ठे उसकटले. बाराव्यात सापडला. वाळलेला, पण फूल तेच. सदाने मूठभर शर्टाच्या खिशात कोंबला. "वाचली माझी रीम," म्हणाला आणि मुदीरला दाखवायला निघाला. वाट रीमच्या पुढून जात होती. वासाचं मला शंभरदा सांगणारा माणूस खिसा भरून तिच्या पुढून चालला... मलाही सुचलं नाही. तिने छातीने दाराचा आडणा मोडला.

मुदीरने फावड्याने हाणून तिला बाजूला केलं तोवर सदा संपला होता. खिशातलं सगळं तिने खाल्लं होतं. मी गठ्ठ्यातलं उरलेलं आणून मुदीरच्या हातात दिलं. "देखो," म्हटलं. त्याने पाहिलं आणि मालकाला फोन लावला. सगळे गठ्ठे जाळले. रीमवर आता कोणी बसणार नाही, पण गोळी घातली नाही.

त्या दुपारी तिथे आम्ही तीन माणसं आणि एक घोडी होतो. मुदीर जगला, रीम जगली, मी जगले.