पाठीला हात न लावता दिलेला खो

खो-खोत पाठीला हात लावून खो द्यावा लागतो. मला पोरी लांबूनच द्यायच्या. हातभर अंतर ठेवून, नुसता तोंडानं. चौथीत होते मी. वैजापूरकडचं गाव, झेडपीची शाळा. आमची वस्ती गावाबाहेर. त्यापुढं कुणी काही सांगायची गरज नव्हती.

एक दिवस मी उठलेच नाय. हात लागला नाय तर उठू कशाला, म्हणाले. गुरुजी आले. वाटलं, पोरींना बोलतील. त्यांनी छडीच्या टोकानं मलाच रांगेतनं बाहेर काढलं.

"तू चपला राख."

वर्षभर राखल्या. उन्हात.

घरी सांगितलं नाही. घरी दुसरंच चाललं होतं. विहिरी आटलेल्या, रानात काम नाय. त्याच उन्हाळ्यात आम्ही बिऱ्हाड उचलून शहरात आलो. तेव्हाचं औरंगाबाद. बायपासच्या कडेनं कॉलन्या उठत होत्या. बाप वाळू वाहायचा, आई विटा. पत्र्याच्या खोलीत शिकले आणि खेळाची शिक्षिका झाले. मुद्दाम झाले.

शहराच्या टोकाला, खासगी प्राथमिक शाळेत नोकरी लागली. मी कवायत घेत नाही. खेळ लावून देते, मध्येच थांबवते आणि पोरांनाच विचारते, कुणाला खेळायला मिळत नाही? मग काय बदलायचं? पहिले काही दिवस नुसती भांडणं. इतर शिक्षक हसायचे.

तिसरीत कोमल होती. शेजारच्या इमारतीवरच्या गवंड्याची पोर, आरटीईच्या राखीव जागेतनं आलेली. तिच्याकडं कुणी चेंडू टाकायचंच नाही. मी मुद्दाम मध्ये पडले नाही. लई जड गेलं. चौथ्या दिवशी एक पोरगा म्हणाला, सगळ्यांच्या हातातनं चेंडू गेल्याशिवाय गोल धरायचा नाही. वर्गानं मान्य केलं. त्या तासाला कोमल पहिल्यांदा ओरडली, इकडं दे.

मग पुन्हा दुष्काळ. टँकर आठवड्यातनं दोनदा. एका सकाळी संस्थेचे चिटणीस मैदानावर आले, सोबत मुख्याध्यापिका. स्पर्धेसाठी बारा पोरं निवडलीत, म्हणाले, तेवढ्यांचाच सराव घ्या. बाकीची वर्गात बसवा. पोरं पळाली की पाणी फार पितात. कागदावर बारा नावं होती. त्यात कोमल नव्हती. बांधकामावरचं एकही लेकरू नव्हतं.

मी म्हणाले, सगळी खेळतील. ऊन चढायच्या आत घेते, खेळ छोटे करते.

ते हसले. पोरांसमोर विचारलं,

"मॅडम, तुम्ही कोणत्या कोट्यातनं आल्या?"

मुख्याध्यापिका खाली बघत राहिल्या. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. कोमलनं चेंडू पोटाशी धरला होता. तिला प्रश्न कळला नव्हता, पण आवाज कळला होता. तिचा चेहरा बघितला आणि मी म्हणाले,

"कोमल आली त्याच. आणि ती खेळणार."

खेळ सुरू केला. ते उभे होते तोवर चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी नोटीस. तीन दिवसांत लेखी माफी मागा. तोवर खेळाचा तास बंद, तो गणिताला. पोरं व्हरांड्यात अडवून विचारतात, मॅडम, तास कधी? कोमल विचारत नाही. ती दोन दिवस शाळेतच आलेली नाही.

मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेतलं. एक ओळ तर लिहायचीय, म्हणाल्या. मीही अशाच लिहिल्यात. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा राग आला नाही. भीती वाटली. वीस वर्षांनी मी तिथं उभी असेन याची.

मी एक ओळ लिहिली. माफी मागणार नाही. खाली सही, पूर्ण नावानं, आडनावासकट.

नोकरी राहील किंवा जाईल. गेली तर दुसऱ्या मैदानावर शिकवीन, मैदान नसलं तर कोमलच्या वस्तीत, वाळूच्या ढिगाशेजारी. पण पाणी कमी आहे म्हणून निवडक पोरं खेळवा आणि बाकीची बसवा, हे माझ्या हातून होणार नाही. कमी असेल, तर सगळ्यांनाच कमी.