एकदा अजून चालवा

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि अमरावतीत माझ्या हातच्या कूलरला नावं ठेवणारा कोणी जन्मला नव्हता. तो मास्तर सोडून.

मास्तर रोज अकोल्याहून इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला यायचा. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायचा आणि आत पाय टाकायच्या आधीच पोरांना म्हणायचा, "एकदा अजून चालवा." रामराम नाही, काही नाही. कुलूप लावून चार पावलं जाऊन परत ओढून पाहणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. हा त्यांचा राजा.

मी चौथी शिकलेला. तरी तो काय शिकवतो ते मला कळलं, कळायला त्यात होतं तरी काय. विज्ञानाचं मोठं गणित एका कॉम्प्युटरला पेलत नाही, म्हणून ते पंचवीस कॉम्प्युटरांत वाटायचं. ते वाटून देणारा प्रोग्राम लिहायला एम.टेक.ची पोरं शिकायची. त्यातली पाचच उरली होती. वर्षाअखेरीला पाहुण्यांपुढे काही करून दाखवा, नाहीतर हा कोर्स बंद, असं कॉलेजनं त्याला बजावलं होतं.

मे महिन्यात खोलीचा एसी बंद पडला. कॉलेजनं माझे दोन कूलर मागवले. मास्तरनं हवेत हात धरला, बोटं चोळली.

"काका, हवा झकास आहे. पण मशीनले ओलावा चालत नाही. परत न्या."

चाळीस वर्षांत माझा कूलर परत आला नव्हता. हां, त्याच आठवड्यात एक बाई खालून गळतो म्हणून दुकानात ठेवून गेली होती. मी पाहिलाही नाही. तुमची फरशी तिरपी आहे म्हणालो.

मी कूलर शेजारच्या वर्गात लावले आणि पाणी भरायच्या निमित्तानं मास्तरचा तमाशा पाहत बसायचो. उत्तर आलं की पोरं खूश, आणि ह्याचं आपलं एकदा अजून. एकदा मी बोललोच.

"मास्तर, दोन अन् दोन चारच होतेत. पोराईले कावून तरास देऊन राह्यले?"

"एकट्यानं मोजलं तर चारच, काका. पंचवीसजणाईनं वाटून मोजलं का एखादा दोन दोनदा मोजल्या जाते."

असलं शिकवायला पगार मिळतो.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. पूर आला तर वलगावात पाणी कुठवर चढेल, त्याचा रंगीत नकाशा पडद्यावर होता. टाळ्या झाल्या. प्राचार्य कोर्स पुढे चालू ठेवतो म्हणायला उठले, तेवढ्यात पाचांतली एक पोरगी धावत येऊन मास्तरच्या कानाशी लागली. त्यानं माइक घेतला.

"नकाशा चुकला आहे. आत्ता निम्म्या मशीनवर चालवला तर वेगळा आला. काही पाणी दोनदा मोजलं गेलंय. तो भाग मुलांनी नाही, मी लिहिलेला आहे."

प्राचार्य खाली बसले. कोर्स तिथेच संपला. कोणी विचारलं होतं ह्याला? गप्प राहून मागाहून नीट करता आलं नसतं? बाहेर तो चपला घालत होता, तिथे मी त्याला गाठलं.

"कोणाले समजलं असतं, मास्तर?"

"वलगाववाल्याईले. पाणी आल्यावर."

एवढं बोलून अकोल्याच्या गाडीला गेला, तो पुन्हा आला नाही. मी त्याला शहाणा म्हणणार नाही. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. त्या बाईचा कूलर ओढून सपाट फरशीवर घेतला, काठोकाठ पाणी भरलं, खाली कोरडं पोतं अंथरलं आणि चालू केला.