लाइट येऊ द्या, मग बघू

साल दोन हजार दोन, माझं वय एक्कावन्न. नाशिकला अंबडच्या एका छोट्या कारखान्यात माझा लेथ आणि माझ्या जोडीदाराचा लेथ शेजारी शेजारी. लाइट गेली की तो डोक्यावरची टोपी काढायचा, तिनेच लेथ पुसायचा, टोपी परत डोक्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "लाइट येऊ द्या, मग बघू."

हे नुसतं कामाचं नव्हतं. पोरीच्या लग्नाचं विचारा, गुडघ्याचं विचारा, उत्तर तेच. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. पुढे शेठने जनरेटर आणला, तेव्हा मी त्याला डिवचलं, "आता काय म्हणशील?"

"डिझेल संपू द्या, मग बघू."

मखमलाबादच्या अंगाला त्याचा झेंडूचा मळा होता. खंडेनवमीला सगळ्या मशिनींचे हार त्याच्या घरचे. हार तोच घालायचा आणि नारळही तोच फोडायचा, थेट मशिनीच्या लोखंडावर. आमच्याकडे रीतच ती. लोखंडाला पाण्याचं काय, पुसलं की झालं.

त्या वर्षी संगणकावर चालणारी मशीन आली, सीएनसी. मोठ्या कंपन्या सांगायला लागल्या होत्या, तिच्यावरचा माल असेल तरच घेऊ. शेठ म्हणाले, "दसऱ्यानंतर एकच लेथ राहील, आणि त्यावर एकच माणूस. नाहीतर नवी मशीन शिका." मी सांगितलं, मी चौथी शिकलेला, या वयात कुणाकडून शिकणार नाही. तो काय म्हणाला, ते तुम्हाला माहीत आहे.

खंडेनवमीला त्याने नव्या मशिनीला हार घातला आणि सवयीने नारळही तिच्यावरच फोडला. पाणी बटणांच्या फटीतून आत गेलं. पडदा काळा झाला. शेठ डोकं धरून बसले.

"देवाचं पाणी हाय," तो म्हणाला. "पचंल तिला."

पचलं नाही. पुण्याहून दुरुस्तीवाला आला, मशीन आठवडाभर उघडून पडली होती. शेठ आधी तापले, मग त्यांनाच हसू आलं. नारळ त्यांनीच आणला होता.

मशीन सुरू झाली त्या शुक्रवारी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. "कोण राहणार, तुम्हीच ठरवा. माझ्याने होत नाही."

मला ना मळा, ना दुसरं काम. पण तोंड उघडून मागणं माझ्या रक्तात नाही.

"नारळ मी फोडला," तो म्हणाला. "मी जातो. दादांचा लेथ ठेवा."

"अरे, नारळावरून तुला कुणी काय बोललं का?"

"नाय बोललं. पन मला लय लागलंय."

लागलं-बिगलं काही नव्हतं. सकाळीच चहाच्या टपरीवर तो हाच किस्सा हातवारे करून सांगत होता आणि सगळ्यांआधी स्वतःच हसत होता.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "मला कुणाची मेहेरबानी नको."

"दादा, लय ताठ मान हाय तुमची. दुखंल एखाद्या दिवशी."

संध्याकाळी द्वारका चौकातून त्याचा लेथ न्यायला टेम्पो आला. त्याने टोपी काढली, लेथ पुसला, टोपी डोक्यावर ठेवली आणि लेथ टेम्पोत चढताना बघायला न थांबता सायकल काढली. या खेपेला लाइटचं काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. विजेच्या वाटपामुळे आमच्या एमआयडीसीला सुट्टी रविवारी नाही, शनिवारी. सकाळी सायकल मारत त्याच्या मळ्यावर गेलो. तो झेंडू तोडत होता. मी बांधावरची रिकामी पाटी उचलली आणि शेजारच्या सरीला लागलो.

त्याने माझ्या पाटीत डोकावलं. मग म्हणाला, "कळ्या सोडा, दादा. उमललेलंच घ्या."

मी कळ्या सोडल्या.