रजबअलीचा हातगुण

खोरासानातल्या आमच्या गावात खरबुजाची पहिली सरी रजबअलीनं ओढायची, असा शिरस्ताच होता. हातगुण म्हणे त्याचा! वसंत लागला की हा बाबा आपलं फावडं खांद्यावर टाकून निघाला. न्याहारी एकाच्या बांधावर, चहा दुसऱ्याच्या, आणि एकाची भानगड तिसऱ्याच्या कानात. बायको झीवर म्हणायची, "फावड्यापेक्षा तुमची जीभच जास्त नांगरते."

ओढ्यापलीकडचा सफदर तेवढा त्याला बोलवत नसे. कुठल्याशा गाढवाच्या सौद्यावरून दोघांत अबोला.

मग वेलींना मर लागली. फळ धरता धरता वेली माना टाकू लागल्या. रजबअलीची भाची मरजान मशहदला प्रयोगशाळेत होती. ती रानोरानची मुळं तपासायला घेऊन गेली, आणि निकाल घेऊन परत आली. मामीनं वाढलेलं सूप तिच्या पुढ्यात निवत राहिलं.

"बोल की गं."

"मामा, ही मर बुरशीची. बुरशी दिसायला एकसारखी, पण तिच्यात कुळं वेगवेगळी. एखादं मवाळ, एखादं जहाल. आपल्या गावात घरोघर एकच कूळ निघालं, सगळ्यांत जहाल. सफदरचाचांच्या रानात मात्र दुसरंच."

"त्याच्या बुरशीनंसुद्धा अबोला धरलाय!" रजबअली खदखदून हसला.

मरजान हसली नाही. "ती मातीतून फिरते, मामा. फावड्याला चिकटून."

त्यानंतर फावडं गोठ्यात गेलं आणि रजबअली घरात. चहाच्या दुकानात त्याची जागा रिकामी. गावानं एका शब्दानं टोचलं नाही, तेच त्याला फार टोचत होतं. "आता कोण बोलावतंय?" एवढंच तो झीवरला म्हणायचा.

पुढच्या वसंतात दार वाजलं. सफदर! हातात कोरं फावडं, काखेत रबरी बूट.

"चल. सरी ओढायचीय."

"माझा रोग हवाय तुला?"

"फावडं माझं, बूट माझे. तू नुसता हात आण." सफदर जमिनीकडे बघत पुटपुटला, "सगळ्या गावात मी एकटाच असा, ज्याच्या रानात तुझा पाय लागला नाही. हे पार मशहदपर्यंत कळलं. लाज वाटली रे."

रजबअली बूट चढवू लागला. पाय काही जाईना.

"कुठल्या गाढवाच्या मापाचे आणलेस?"

तो शब्द निघाला आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सफदरला आधी हसू फुटलं. झीवर ओढणीनं डोळे पुसत चहा ठेवायला आत पळाली.

त्या वसंतात गावच्या प्रत्येक बांधावर एकेक धुतलेलं फावडं उभं होतं, रजबअलीची वाट बघत.