कागदावरचं दीड वर्ष

फुटबॉल अकादमीची निवड चाचणी शेगावला होती. आमच्या बीबी गावाहून बस बदलत मी आणि बाबा पोचलो. मला चौदावं चालू होतं. पंधराखालच्या गटात मी सकाळीच दोन गोल मारले होते. अकादमी दोघींनाच घेणार होती, आणि प्रशिक्षकांनी मला परत बोलावून पाहिलं होतं. मग कागद तपासायचं टेबल आलं.

टेबलावरच्या बाईंनी शाळेचा दाखला पाहिला. "हिची पंधरा पूर्ण झालीत. बसत नाही."

बाबा हसले. "काय मॅडम! माह्या घरातच जन्मली हे पोरगी. मले मालूम नाही का?"

"मग ग्रामपंचायतीची जन्मनोंद दाखवा."

बाबांचं हसू गेलं. घरात जन्मलेल्या पोरीची नोंद करायला कोण गेलं होतं? दाखल्यावर जूनची पहिली तारीख होती. आमच्या अर्ध्या वर्गाची तीच. पहिलीचा पट भरायला गुरुजी घरोघर फिरायचे. मी साडेचार वर्षांची होते. "सहा लिहू?" "लिहा गुरुजी." झालं.

"काऊन लिहू दिलं, बाबा?"

"मंग तुले वावराच्या धुऱ्यावर निजवून तुही माय निंदाले गेली असती का वं?"

बाई म्हणाल्या, सतराखालच्या गटात पंधरा मिनिटं मिळतील. मी बूट आवळले.

समोरची बचावपटू माझ्यापेक्षा डोकंभर उंच. पहिल्याच चेंडूला तिने खांदा लावला आणि मी आडवी.

"उठ वं! उठ!" बाबा रेषेबाहेरून ओरडले.

"काकाजी, तिले अगोदर दूध पाजून आणा," ती म्हणाली. सगळ्या हसल्या.

एकदा मी तिला चुकवलं. जीव खाऊन मारलेला चेंडू गोलकीपरने सहज पोटाशी धरला. शिट्टी वाजली.

प्रशिक्षक म्हणाले, "पाय चांगले आहेत. पण या वयात एवढी कमी ताकद असलेली मुलगी सीनियर संघापर्यंत जात नाही."

"कोणत्या वयात, सर?"

त्यांनी दाखल्याकडे बोट केलं. यादीत माझं नाव नव्हतं.

परतताना बसमध्ये बाबा म्हणाले, "चुकलंच माहं." चूक त्यांची नव्हती. मजुरीला जाणाऱ्या बाईचं लेकरू दिवसभर सांभाळायची सोय गावात नव्हती, आजही नाही. आणि समोर उभी पोरगी सोडून कागदाला खेळवणारे साहेब आजही तिथेच बसलेत. आता मोठेपणी हे मी पत्रकांत ठळक अक्षरांत छापते, शाळाशाळांत वाटते. बाबांना मात्र अजून तोंडाने सांगितलेलं नाही.