आबा दारं धरायला गेले

आपल्या बापाची खुशाली आपल्याच घरातल्या मशीनने कळवावी, हा दत्ताचा हट्ट. तो कुरकुंभच्या केमिकल कंपनीत टेक्निशियन. भांडगावला घरी एकटे बबनआबा. आबांना फोनचं वावडं. "कोण बोलतंय?" म्हणायचे आणि उत्तर यायच्या आत बंद करायचे. गेल्या उन्हाळ्यात उसाला दारं धरताना, म्हणजे पाटाचं पाणी सरीसरीत वळवताना, ते चक्कर येऊन पडले. संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून ड्यूटीवर दत्ताचा जीव थाऱ्यावर नसे.

म्हणून त्याने जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला आणि तांदळाच्या डब्याशेजारी फळीवर ठेवला. उंबऱ्याशी दोन बटणं बसवली, एक जाताना दाबायचं, एक आल्यावर. दाबलं की त्या सर्व्हरवरच्या वेबसाइटवर ओळ उमटे, 'आबा दारं धरायला गेले' नाहीतर 'आबा आले'. कँटीनमध्ये ती वाचल्यावरच दत्ता चहाला हात लावी.

एके दिवशी साइट उघडेचना. दत्ता हाफ डे टाकून धडपडत घरी आला, तर आबा ओट्यावर शेंगा फोडत बसलेले.

"बटान दाबलं हुतं की मी," ते फुरंगटून म्हणाले.

दत्ताने इंटरनेटवाल्यांना फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, घरगुती कनेक्शनवर बाहेरून आत येणारे पोर्ट आता बंद केलेत." दत्ता भांड भांड भांडला. तिचा आवाज तितकाच गोड राहिला.

"काय झालं रं?" आबांनी विचारलं.

"भायेरनं आत यायचं दार बंद केलंय, आबा."

आबांनी शेंगा टाकल्या आणि खोरं उचललं. "म्हस्क्यानंच केलं आसंल! त्याची पाण्याची पाळी परवा हाय, आज कशाला हात लावतोय?"

बांधापलीकडच्या म्हस्कूने पाण्याचं नव्हे, कंपनीने इंटरनेटचं दार बंद केलंय, हे समजावताना दत्ताच्या नाकी नऊ आले. आबांनी नाइलाजाने खोरं ठेवलं.

"मंग आतनं भायेर जायचं?"

"ते उघडं हाय."

"मंग मशीननंच भायेर जाऊन सांगावं की. मी निघालोच हुतो न्हवं, म्हस्क्याच्या दारात?"

दत्ताला हे ठाऊक नव्हतं असं नाही; पण डोक्यात राख घातली की ठाऊक असलेलंही सुचत नाही. त्याने बाहेर एक लहान सर्व्हर भाड्याने घेतला. आता घरचं मशीन आपणहून बाहेर पडून त्याच्याशी जोडलेलं राही, आणि साइट बघणारा त्याच वाटेने घरापर्यंत पोचे.

"आता दाबा बिनघोर," त्याने सांगितलं. आबांच्या चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याने फोन उघडला. 'आबा दारं धरायला गेले.' चहा आला, निवला, तरी खाली काहीच नाही. गेटपास मागायला दत्ता उठला, तेवढ्यात ओळ उमटली. 'आबा आले.' मग एकामागून एक. 'आबा आले. आबा आले. आबा आले.' आपलं बटण पोचतंय का याचा भरवसा नसलेला म्हातारा, पोराला कळावं म्हणून दाबतच सुटला होता.

दत्ता हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला.

"काय रे, काय झालं?" शेजारच्याने विचारलं.

"आबा आले," तो म्हणाला, आणि गार चहा एका घोटात प्याला.