लोणच्याची किळस असलेला उमाजी

आता हा उमाजी म्हणजे काय वल्ली, ते ऐका. जन्म बंगळुरातल्या चामराजपेटेतला, घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि पोटासाठी काम कुठे, तर लोणच्याच्या कारखान्यात! बोटाला तेल लागलं तरी ज्याच्या अंगावर शहारा येतो, तो हा माणूस. नातवाचं नाक पुसायलासुद्धा बायकोला हाक मारणार. आमच्या गावच्या शाळेत असाच एक मास्तर होता, खडू रुमालात धरायचा. पण ते राहू द्या.

कारखाना आमच्या घराखालीच. तिथं उमाजीनं स्वतःपुरती एक कोरडी जागा शोधून काढली होती: पाऊचचं तोंड बंद करायचं यंत्र. दोन गरम पट्ट्यांमध्ये तोंड चिमटायचं, की झालं. लोणच्याला हात म्हणून लावायचा नाही.

पण गेल्या दसऱ्यानंतर पाऊच गळायला लागले. जयनगरच्या दुकानांतून तेलानं भिजलेली खोकी परत यायची. आत लाल, आंबट, कुबट चिखल आणि त्यात मेलेल्या मुंग्या. शी! तो वास जिना चढून आमच्या ताटातल्या भातापर्यंत यायचा. उमाजी नाकाला पंचा बांधून एकेक पाऊच दोन बोटांत धरी, मेला उंदीर धरावा तसा.

मालकीण रम्या त्याच्या लेकीच्या वयाची, पण शब्दाची पक्की. म्हणाली, "उमाजीअण्णा, शनिवारपर्यंत गळती थांबली नाही तर यंत्र विकून टाकते. पाऊच बाहेरून भरून घेऊ."

"आणि मी, अक्का?"

"तुम्ही बरण्या भरा. कोपरापर्यंत हात घालून."

उमाजीचा चेहरा पांढराफटक.

त्यानं उष्णता वाढवून पाहिली. प्लास्टिक आक्रसलं आणि त्या घाणीत जळका वास मिसळला. प्लास्टिकवाल्याला शिव्या घालून झाल्या. नेमकं कुठून गळतंय तेच कळेना, कारण पाऊच दाबला की सगळंच माखायचं आणि हा तोंड फिरवायचा.

शेवटी वैतागून म्हणाला, "ही घाण माझ्यानं बघवत नाही. मी नुसतं पाणी भरतो."

पाण्याचे पाऊच त्यानं दोरीवर उलटे टांगले. मी जिन्यात बसून बघत होतो. काय मौज सांगू! सगळेच्या सगळे एकाच जागी, डाव्या कोपऱ्याशी, टपटप गळत होते.

उमाजीनं यंत्र बंद केलं, गार होऊ दिलं आणि प्लास्टिक चिकटू नये म्हणून खालच्या पट्टीवर लावलेलं टेफ्लॉनचं कापड सोलून काढलं. डाव्या टोकाला वाळलेलं कुंकू आणि त्यात रुतलेला तांदळाचा दाणा!

"ही अक्षता इथं कुणी वाहिली?" रम्या म्हणाली.

"मीच की, अक्का. दसऱ्याच्या आयुधपूजेला पट्टी पुसली, पूजा केली आणि वर नवं कापड लावलं."

दाण्यामुळे कापडाला उंचवटा आला होता. त्याच्या शेजारी प्लास्टिक नीट दबत नव्हतं, तिथूनच तेल वाट काढायचं. पट्टी खरवडून झाली, कापड लागलं. नव्या पाऊचमध्ये पाणी भरून उमाजी चक्क त्यावर उभा राहिला. थेंब नाही.

"सरी, ठीक आहे," रम्या म्हणाली, "यंत्र राहील, तुम्हीही राहाल. तो दाणा टाका कचऱ्यात."

"देवाची अक्षता कचऱ्यात?"

"मग प्रसाद म्हणून खा."

करपलेला, तेलकट दाणा त्याच्या तळहातावर. त्यानं केविलवाणं माझ्याकडे पाहिलं. मी खुशीत मान डोलावली. डोळे घट्ट मिटून त्यानं तो गिळला आणि अख्खा तांब्या घटाघटा रिकामा केला.